काकडाला दिलेली वेलांटी

नाशिक, १२ जानेवारी २००४

प्रिय यमुना,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असणार. तरीही पाकीट फाडलंस, हे माझ्यासाठी पुष्कळ झालं.

तुझा पत्ता पेठच्या पंचायत समितीतल्या एका ओळखीच्या बाईंनी दिला. सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत तू विज्ञान शिकवतेस, असं त्या म्हणाल्या. "मुलं त्यांना फार वचकून असतात," असंही म्हणाल्या. मला हसू आलं. तोंडी परीक्षेला जाताना माझा हात धरून थरथरणारी मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे.

कामाचं आधी लिहिते. आपली रानभाज्यांची पुस्तिका कॉलेज पुन्हा छापणार आहे. शहाण्णव साली पाचशे प्रती काढल्या, त्या कपाटात पडून राहिल्या. आता शहरातल्या लोकांना रानभाज्यांचं कौतुक वाटायला लागलंय. मी अजून गंगापूर रोडलाच आहे, त्याच विभागात. तेव्हा आपण दोघी हंगामी सहायक होतो, नंतर मी कायम झाले. टेबलही तेच आहे. समोरच्या खुर्चीवर आता हर्बेरियमच्या, वाळवलेल्या पानांच्या जुन्या फायली ठेवतात.

तक्ता तसाच राहणार: शास्त्रीय नाव, मराठी, तुमच्या पाड्यावरची कोकणी, अहिराणी, हिंदी, गुजराती. पण आठ वर्षांत शास्त्रीय नावंही जागेवर राहिली नाहीत. टाकळ्याला आपण कॅसिया टोरा लिहिलं होतं, त्याचं आता सेना टोरा झालंय. माझ्या पुण्याच्या मावसबहिणीला मी डांगराची भाजी केली म्हटलं, तर ती म्हणाली, "उडदाच्या पिठाची भाजी कशी करतेस?" तिकडे आपलं डांगर म्हणजे लाल भोपळा. आपलं गिलकं तिच्याकडे घोसाळं होतं आणि गुजरातेत गलकां होऊन पुन्हा आपल्या जवळ येतं. अशा गमती रकान्यात मावत नाहीत. पण तुझ्याशिवाय हे कोणाला सांगणार?

मागच्या वेळी जो घोळ झाला (भाजी नव्हे, दुसरा) तो पुन्हा होऊ नये म्हणून तू यादी एकदा तपासावीस, असं मला वाटतं. बारा पानं सोबत जोडली आहेत. जमलं तर आईलाही विचार. त्यांना, गोजरामावशींना, माझा नमस्कार सांग. त्या बुधवारच्या बाजाराला अजून येतात का? मला गोदाकाठी, गंगेवर कधी दिसल्या नाहीत. अर्थात मीही तिकडे फारशी जात नाही.

उत्तराची वाट बघते.

तुझी,
छाया

&nbsp;

नाशिक, ९ फेब्रुवारी २००४

प्रिय यमुना,

उत्तर आलं नाही. टपाल गहाळ झालं, अशी मी चार दिवस स्वतःची समजूत घातली. मग ती सोडून दिली.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली होती. तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही सापडली आहे. विभागात रंगकाम निघालं, तेव्हा कपाट हलवलं, त्याच्या मागे पडली होती. पुठ्ठ्याला वाळवी लागली आहे, आतली पानं शाबूत आहेत.

ती मी परवा पुन्हा वाचली. तू आईचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यायचीस. "कुर्डूचा कवळा पाला खुडावा, फूल आलं मंग नाय." "कवळ्याची भाजी संध्याकाळला मिटते, सकाळी खुडावी." मी पक्क्या प्रतीत त्याचं शुद्ध मराठी करायचे आणि तू शेजारी बसून म्हणायचीस, "छाये, तुझ्या भाषेत भाजी शिजते गं, पण वास येत नाही." आपण दोघी खूप हसायचो.

वहीतलं शेवळाच्या भाजीचं पानही बघितलं. त्याबद्दल भेटून बोलता आलं तर बरं होईल. पत्रात सगळं नीट मांडता येत नाही.

दोन ओळी तरी पाठव.

छाया

&nbsp;

आश्रमशाळा, ता. सुरगाणा
१ मार्च २००४

श्रीमती छाया दोंदे यांस,

दोन्ही पत्रं मिळाली. यादी परत पाठवत आहे. तपासलेली नाही.

वही कपाटामागे सापडली असं लिहितेस. त्या खोलीतलं कपाट भिंतीतच बांधलेलं होतं. त्याच्या मागे काही पडायला जागा नव्हती. तीन वर्षं मी त्यात पुस्तकं लावली आहेत.

आईला विचार म्हणतेस. आई आता कोणाला काही सांगत नाही. बाजाराला येणं तिनं त्याच वर्षी सोडलं. माझी भाची पानं घेऊन तिच्यापुढे जाते आणि विचारते, आजी, हे काय? ती म्हणते, माला ठाव नाय. दीडशे झाडांची नावं जिनं मला अंगाखांद्यावर खेळवताना शिकवली, ती आता घरात डाळ आणि बटाटा रांधते. आमच्या पाड्यावरच्या बाया रानात निघाल्या की ती दार लावून घेते.

जे झालं ते परत येत नाही. पुन्हा पत्र लिहू नये.

यमुना भोये

&nbsp;

नाशिक, ७ मार्च २००४
रविवार

यमुने,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते आहे. हे वाचून झाल्यावर तू पत्र फाडलंस तर माझी तक्रार नाही. पण वाच.

वही कधीच हरवली नव्हती. ती आठ वर्षं माझ्या घरी आहे, लोखंडी पेटीत, माझ्या गुणपत्रिकांच्या खाली.

आता क्रमानं सांगते. तुला अर्धं माहीत आहे, उरलेलं अर्धं मी तुला कळू दिलं नाही.

तुझ्या वहीत शेवळाच्या पानावर आईचे शब्द असे आहेत: "शेवळ काकड घालून रांधावं. काकड नसल तर शेवळ खाऊ नये, घसा धरतो." मी शहरात वाढलेली. काकड नावाचं झाड असतं, त्याला आवळ्याएवढी आंबट फळं येतात आणि त्यांच्या रसानं शेवळाच्या कोंबांची खाज मरते, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, तुझ्याकडून वेलांटी राहिली. मी काकडी केलं. "काकडीचा रस घालून शिजवावे." तुला विचारलं नाही. तू त्या आठवड्यात गावी होतीस आणि छपाईची घाई होती, पण ते कारण खरं नाही. वेलांटी चुकलेली दिसली की ती दुरुस्त करायची, त्याला कोणाला विचारायचं असतं असं मला वाटायचंच नाही.

एवढ्यावर मी थांबले नाही. कृतीखाली "सोबत लागणारी वनस्पती" असा रकाना होता. त्यात मी काकडी, हिंदी खीरा, आणि शास्त्रीय नाव कुकुमिस सटायव्हस असं सुंदर अक्षरात भरलं. ते लॅटिन नाव पाहिल्यावर आपल्या विभागप्रमुख सरांनीही शंका घेतली नाही. साधी काकडी असती तर कदाचित कोणीतरी विचारलं असतं.

तुला माहीत आहे, मी शाळेत पहिल्या वर्षी "मी दोंद्यांची छाया हाय" म्हणाले होते. बाईंनी मला बाकावर उभं केलं आणि वर्गाकडून "आहे" असं दहादा म्हणवून घेतलं. त्या दिवसापासून मी ठरवलं, माझ्या बोलण्यात आणि लिहिण्यात कोणाला एक चूक सापडता कामा नये. आमच्या वस्तीतल्या मुलीनं शुद्ध लिहिलं की लोक आधी चकित होतात, मग गप्प बसतात. मला ते गप्प बसणं आवडायला लागलं होतं. आणि मग तुझ्या आईच्या बोलण्याला मीच बाकावर उभं केलं.

पाच जूनला पुस्तिका निघाली. त्यातली एक प्रत मी हौसेनं आमच्या शेजारच्या मंगलाबाईला दिली. तिचा नवरा अंबडला कारखान्यात आहे, सासरे गेणूबाबा घरी असतात. रविवारी तिनं बाजारातून शेवळं आणली आणि पुस्तकात बघून, काकडी किसून, भाजी केली. मुलांनी एकेक घास घेऊन थुंकून टाकला. गेणूबाबा मात्र ताटातलं टाकत नाहीत. त्यांनी वाटीभर भाजी संपवली. त्यांना आधीपासून दमा. दुपारी जीभ सुजली, घसा बंद झाला, श्वास घेता येईना. रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा मी त्यांचे पाय धरून बसले होते. मंगळवारी पेपरात आलं, "रानभाजीतून विषबाधा, वृद्ध अत्यवस्थ". त्यात आपल्या पुस्तिकेचं नाव होतं.

बुधवारी मी बाजारात गेले. तुझी आई त्या दिवशी तिच्या जागेवर नव्हती. दुसऱ्या एका बाईपुढे शेवळाच्या जुड्या होत्या आणि शेजारी हिरव्या फळांचे छोटे ढीग. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "काकड. शेवळासंगं न्यावंच लागतं." मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. मग घरी येऊन वही उघडली. तू काकड लिहिलं होतंस. तीन वेळा लिहिलं होतंस, तिन्ही वेळा वेलांटीशिवाय.

म्हणजे गुरुवारच्या बैठकीत मी बसले, तेव्हा मला सगळं माहीत होतं.

सरांनी विचारलं, "ही कृती कोणी सांगितली?" तू उभी राहिलीस. म्हणालीस, "माझ्या आईनं. पण तिनं काकड सांगितलं होतं, मी काकडच लिहिलं होतं. वही बघा." सरांनी माझ्याकडे बघितलं. वही माझ्या पिशवीत होती, सर. पिशवी माझ्या मांडीवर होती. मी म्हणाले, "छपाईच्या गडबडीत वही सापडत नाहीये."

(बघ, "सर" असं लिहून गेले. हे वाक्य मी मनात त्यांनाच इतक्यांदा सांगितलंय.)

मी हे का केलं, ते एका वाक्यात सांगता येतं. मी चूक कबूल केली असती तर आमच्या आडनावावरून लोक जे मनात म्हणतात ते त्यांना तोंडानं म्हणता आलं असतं, ते मला नको होतं. म्हणून मी ते तुझ्या आडनावावरून म्हणू दिलं. खोलीतल्या सगळ्यांमध्ये हे काय असतं ते फक्त मला कळत होतं, आणि मीच ते केलं.

मग चिठ्ठी छापली, प्रत्येक प्रतीत चिकटवली: "स्थानिक माहितगाराकडून मिळालेल्या चुकीच्या माहितीमुळे पान अठरावरील कृती वगळण्यात येत आहे." ते वाक्य मी लिहिलं. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

तू त्याच संध्याकाळी गावी गेलीस. जाताना माझ्या टेबलापाशी थांबलीस. काही विचारलं नाहीस. मला अजून वाटतं, तुला कळलं होतं. मी वर बघितलं असतं तर तू थांबली असतीस.

मी माफी मागत नाही. आधी जे करायचं राहिलंय ते करते, मग लिहीन.

छाया

&nbsp;

नाशिक, २७ मार्च २००४

यमुने,

सोमवारी वही घेऊन विभागात गेले. सर निवृत्त झालेत, पण पुस्तिकेच्या समितीवर आहेत. नवे विभागप्रमुखही होते. सगळं सांगितलं. सर बराच वेळ वहीची पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "छाया, इतक्या वर्षांनी हे कशाला उकरून काढतेस? नव्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त केलं की झालं."

मी म्हणाले, "सर, चिठ्ठी गुपचूप लावली नव्हती."

ते रागावले. नंतर जरा वेळानं त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मीही वही शोधायला हवी होती. मला सोयीचं झालं ते." सरांच्या तोंडून असं काही ऐकेन असं वाटलं नव्हतं.

संपादनातून मला काढलं आहे आणि लेखी खुलासा मागितला आहे. तो दिला. पुढे काय करायचं ते संस्था ठरवेल. घरी भाऊ म्हणतो, तुझं डोकं फिरलंय. आई मात्र रोज डबा स्वतः भरून देते, इतक्या वर्षांत दिला नव्हता.

नव्या आवृत्तीत पहिल्याच पानावर खुलासा येईल. मूळ माहिती बरोबर होती, चूक प्रत तयार करताना झाली, असा. माझ्या नावानिशी. शेवळाच्या पानावर काकड येईल, गरुगा पिनाटा. हिंदीत घोगर. शोधताना एक गोष्ट कळली. हे गरुगा लॅटिन नाहीच. तेलुगू लोक त्या झाडाला जे म्हणायचे तेच साहेबानं उचलून शास्त्रीय नावात बसवलं. त्यानं ऐकलं तसं लिहिलं. मला तेवढं जमलं नाही.

रविवारी, ११ एप्रिलला, मी तुमच्या पाड्यावर आईंना भेटायला जाणार आहे. तुला ते नको असेल तर कळव, मी थांबेन. काही कळवलं नाहीस तर जाईन.

छाया

&nbsp;

नाशिक, १३ एप्रिल २००४

यमुने,

तुझ्याकडून काही आलं नाही, म्हणून गेले. तुझ्या शाळेत परीक्षा चालू आहेत, तू नसणार हे माहीत होतं. तिथे जे झालं ते तुला लगेच कळायला हवं. तुझ्या शाळेत फोन नाही, नाहीतर एवढं थांबले नसते.

फाट्यावर उतरून चालत गेले. आई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. केस पूर्ण पांढरे झालेत. मला बघून एवढंच म्हणाल्या, "नाशिकची छाया. यमीची मैतरीण." पाणी दिलं. बस म्हणाल्या. मी खालीच बसले आणि लगेच सांगायला सुरुवात केली, कारण थांबले असते तर धीर गेला असता.

"मावशी, तुम्ही काकड सांगितलं होतं. यमुनानं काकडच लिहिलं होतं. मला काकड माहीत नव्हतं, मी त्याचं काकडी केलं. चूक माझी होती. तुमची नव्हती, यमुनाची नव्हती. आणि हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी बोलले नाही."

त्या फुलं पसरत होत्या, हात थांबला. "काकडी?" त्या म्हणाल्या. "काकडीनं खाज कशी जाईल? काकडीत काय आंबट आहा?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. कोणी मिठाऐवजी राख घातली असं ऐकल्यावर माणूस बघतो तशा त्या माझ्याकडे बघत होत्या.

मग पुन्हा फुलांकडे वळल्या. मला वाटलं, आता जा म्हणतील. आणि त्यांनी विचारलं, "तो म्हातारा कंच्या रोजी गेला?"

मला वाटलं, दवाखान्यातून घरी कधी गेला असं विचारताहेत. मी म्हणाले, "शुक्रवारी. सकाळीच."

"शुक्करवार," त्या स्वतःशी म्हणाल्या. "तिथ कंची?"

"तिथ कशाला हवी, मावशी?"

"पान ठेवते ना त्याचं. पितरांत. तिथ ठाव नाय, नाव ठाव नाय. मंग सरत्या अवसेला ठेवते, आपल्या माणसांच्या संगं."

यमुने, मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी त्यांचे दोन्ही हात धरले, मोहाच्या फुलांनी चिकट झालेले, आणि म्हणाले, "मावशी, ते मेले नाहीत. पाच दिवसांनी घरी आले. जिवंत आहेत. माझ्या शेजारी राहतात, भिंतीला भिंत लागून."

"जिता आहा?"

"हो."

"आज जिता आहा?"

"काल संध्याकाळी त्यांनी मला चहाला हाक मारली, मावशी."

त्यांना हसू फुटलं. पदर तोंडावर धरला तरी थांबेना. "आठ साल!" त्या म्हणाल्या. "आठ साल जित्या माणसाचं पान ठेवलं मी! कावळा शिवायचाच नाय त्याला. सगळ्यांची पानं उचलायचा, हे एक तसंच राहायचं. मी हात जोडायची, बाबा, चुकलं माझं, खा. माला वाटं, त्याचा माझ्यावर राग आहा." आणि हसता हसताच त्या रडायला लागल्या. खूप वेळ. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. तुझी भाची दारात येऊन उभी राहिली, तिला त्यांनी जवळ ओढून घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं.

शांत झाल्यावर म्हणाल्या, "नाव काय त्याचं?"

"गेणू."

"गेणू," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या. आठ वर्षं नाव नसलेल्या माणसाला वाढत होत्या त्या.

बाजारात तेव्हा बायकांनीच त्यांना सांगितलं होतं, नाशिकात शेवळं खाऊन माणूस मेला, तुझ्या पोरीच्या पुस्तकानं मेला. पेपरात "अत्यवस्थ" छापून आलं, बरा झाल्याचं कुठे आलं नाही. तू गुरुवारी गेलीस, ते शुक्रवारी घरी आले. यमुने, तुलाही असंच वाटत होतं का? "जे झालं ते परत येत नाही", हे तुझं वाक्य मी परतीच्या एसटीत बसून पुन्हा वाचलं. पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याचा अर्थ मला वेगळा वाटला होता.

एक पोस्टकार्ड पुरलं असतं. "गेणूबाबा घरी आले, बरे आहेत." पण तेवढं लिहिलं असतं तर पुढचं वाक्यही लिहावं लागलं असतं. पुढचं वाक्य टाळायचं म्हणून मी पहिलंही लिहिलं नाही. वेलांटीची चूक अजाणता झाली होती गं. ही नाही.

निघताना आई फाट्यापर्यंत सोबत आल्या. भाची पुढे पळत होती. वाटेत एका झाडापाशी ती थांबली आणि सवयीनं विचारावं तसं विचारलं, "आजी, हे काय?" मला वाटलं, त्या नेहमीचं उत्तर देतील. त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "हाळद्या. पान फुटलं का मंग दाखवते." आणि मग थांबल्याच नाहीत. फाटा येईपर्यंत त्यांनी त्या पोरीला चौदा झाडं सांगितली. त्यातली सहा मला माहीत नव्हती. मी काही लिहून घेतलं नाही. फक्त ऐकलं.

आता इकडचं. गेणूबाबांना मी कधीच सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं. मंगलाबाई उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं माझ्यापुढचा कप उचलला आणि आत गेली. अजून बोलत नाही. बोलेल असंही नाही. तिनं ती भाजी स्वतःच्या हातानं केली होती, इतकी वर्षं सासऱ्यापुढे ताट ठेवताना तिचा हात कचरत होता, हे मी शेजारी राहून कधी बघितलं नाही.

गेणूबाबांना आता कमी ऐकू येतं. कावळ्याचं त्यांनी माझ्याकडून दोनदा ऐकून घेतलं. मी म्हणाले, "बाबा, मला काय बोलायचं ते बोला."

"तुला काय बोलू?" ते म्हणाले. "तू माझे पाय धरून बसली होती रिक्षात, ते मला याद हाय. आता हे बी याद राहील. दोन्ही राहील." आणि जरा वेळानं, "ती बाई कुठली म्हणली तू?"

"पेठकडची. गोजराबाई."

"माझ्या लेकांनी माझ्या बापाचं पान दोन साल ठेवलं नाय, गावाला जायला सवड नाय म्हणून. आन ती बाई, ना वळख ना पाळख, आठ साल मला वाढती." त्यांनी काठी ओढून जवळ घेतली, जणू आत्ताच निघायचं होतं. "चल मला घेऊन. आठ जेवणं राहिलीत माझी तिथं."

मी म्हणाले, दमा आहे, उन्हाळा आहे, फाट्यापासून चालावं लागतं. ते म्हणाले, "मेलेला माणूस एवढं चालला तर काय बिघडतं?"

तर रविवारी, २५ तारखेला, सकाळच्या पेठच्या गाडीनं आम्ही निघतो आहोत. फाट्यावर बैलगाडी मिळेल, तसा निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर आईंना पाठवलाय. त्यांचा उलट निरोप आला, म्हातारा तिखट खातो का, विचार.

माझ्याशी बोलायला तू यायला हवंस असं मी म्हणणार नाही. मी वाटलं तर फाट्यावर बसून राहीन. पण तुझी आई त्या माणसाला आपल्या हातानं वाढेल आणि तो समोर बसून जेवेल, तेव्हा तू घरात असायला हवीस. तुझ्या शाळेची परीक्षा तेवीसला संपते, मी पंचायत समितीतल्या त्या बाईंकडे चौकशी केली.

छाया